डोळ्यांत पाणी, तरीही डोळे कोरडे!

"डॉक्टर, डोळ्यांतून सारखं पाणी गळतंय आणि तुम्ही म्हणताय डोळे कोरडे पडलेत. हे कसं काय?" हा प्रश्न मला माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा असा भाव असतो, की डॉक्टरांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी आजाराचे नाव आपल्याला सांगितले. प्रश्न रास्त आहे, म्हणून आजच्या लेखाची सुरुवात तेथूनच करू.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचे उत्तर देणे मला सोपे जाते. वळवाचा पाऊस आणि भिजपाऊस यांतला फरक त्याला सांगावा लागत नाही. वळीव धो धो कोसळतो, ओढे भरून वाहतात, पण जमिनीत चार बोटेही ओल जात नाही. भिजपाऊस दिसायला किरकोळ, पण तो मुरतो आणि पीक त्याच्यावरच येते. डोळ्यांचेही असेच आहे. निरोगी डोळ्यांत दिवसभर, आपल्या नकळत, अगदी थोडे थोडे अश्रू पाझरत असतात. हा डोळ्यांचा भिजपाऊस. तो कमी झाला किंवा टिकेनासा झाला, की डोळ्यांचा पृष्ठभाग कोरडा पडतो, चुरचुरतो आणि मेंदूकडे तक्रार करतो. मग मोठ्या अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो आणि एकदम वळीव कोसळतो. कांदा चिरताना येते तसलेच हे पाणी. ते डोळ्यांवर टिकत नाही, गालावरून ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

ते टिकत का नाही, हे समजण्यासाठी अश्रूंची घडण पाहावी लागेल. अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. या पारपटलावर अश्रूंचा एक अखंड थर पसरलेला असतो. तो किती पातळ असावा? आपण हातात धरलेल्या या वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही सुमारे वीस पटींनी पातळ! एवढ्याशा थरात तीन प्रकारचा माल असतो. अगदी तळाशी बुळबुळीत श्लेष्म, जो पाण्याला पारपटलावर धरून ठेवतो. त्याच्यात मिसळलेले पाणी, ज्यात क्षार व जंतूंशी लढणारी द्रव्ये असतात. आणि सर्वांत वर तेलाचा तवंग. दुधावर साय धरली की खालच्या दुधाची वाफ कमी होते, तसे हे तेल खालच्या पाण्याला उडून जाऊ देत नाही.

हे तेल येते कोठून? आपल्या पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या मागच्या बाजूस, बारीक छिद्रांची एक रांग असते. वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत पंचवीसेक तैलग्रंथी असतात आणि त्यांची ही तोंडे. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी असे नाव पडले. प्रत्येक वेळी पापणी मिटली, की या ग्रंथींतून इवलेसे तेल बाहेर येते आणि पापणी उघडताना ते सारवल्यासारखे डोळ्यांवर पसरते. सारवणारा हात म्हणजे पापणी. तो थांबला की सारवण थांबले.

कोरड्या डोळ्यांचे त्यामुळे मुख्यत्वे दोन प्रकार पडतात. पाणीच कमी तयार होणे हा एक. पाणी पुरेसे, पण तेल कमी पडल्यामुळे ते लवकर उडून जाणे हा दुसरा. यांतला दुसरा प्रकार अधिक आढळतो आणि कित्येकांत दोन्ही एकत्र असतात. मी रुग्णाला विचारतो, "त्रास सकाळी उठल्या उठल्या जास्त की संध्याकाळी?" सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लालसर, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण, असे असेल तर पापण्यांच्या ग्रंथींकडे संशय जातो. दिवस चढेल तसा त्रास वाढत असेल तर पाण्याच्या कमतरतेकडे. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण प्रश्न फुकट आहे आणि बराच उपयोगी पडतो.

मंगळवेढा तालुक्यातून एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले आहे. त्यांनी दोन वर्षांत तीन चष्मे बदलले. वर्तमानपत्र वाचायला घेतले, की दहा मिनिटांत अक्षरे पुसट होतात, डोळे जड होतात. थोडे डोळे मिचकावले की पुन्हा चार ओळी स्वच्छ दिसतात. आता त्यांनी रोजची पोथीही बाजूला ठेवली आहे. गुरुजींना तपासल्याशिवाय मी काही ठाम सांगणार नाही, पण "मिचकावले की स्वच्छ दिसते" हे त्यांचे वाक्य लाख मोलाचे आहे. चष्म्याचा नंबर चुकला असेल तर मिचकावून तो सुधारत नाही. मोतीबिंदूही मिचकावून हटत नाही. प्रकाशाचा किरण डोळ्यात शिरताना पहिल्यांदा अश्रूंच्या थरातून जातो. तो थर फाटला की दिसणे पुसट होते, पापणीने तो पुन्हा सारवला की क्षणभर स्पष्ट होते. गुरुजींनी चौथा चष्मा करण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून अश्रूंची तपासणी करून घ्यावी.

ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनीही हा परिच्छेद लक्षपूर्वक वाचावा. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्यासाठी पारपटलाची गोलाई मोजतात. डोळा फार कोरडा असेल तर हे माप फसू शकते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, क्वचित काही महिने, कोरडेपणा वाढतो आणि रुग्णाला वाटते, की ऑपरेशन बिघडले. तेव्हा चुरचुरण्याची तक्रार आधीपासून असेल तर ती शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावी.

तपासणी मुळीच अवघड नाही. ५ मिलिमीटर रुंदीची टीपकागदासारखी पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि ५ मिनिटांनी ती किती ओली झाली हे पाहतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर याने १९०३ साली ही चाचणी सांगितली आणि सव्वाशे वर्षे होत आली तरी ती वापरात आहे. पट्टी १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घ्यावी, ५ पेक्षा कमी भिजली तर पाणी नक्कीच कमी आहे. दुसऱ्या चाचणीत डोळ्यांत पिवळसर रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो हे यंत्रातून पाहतात. १० सेकंदांच्या आत फाटणे चांगले नव्हे. घरच्या घरी एवढे करून पाहता येईल : डोळे न मिटता आरामात किती सेकंद राहता येते ते मोजा. पाच-सहा आकडे मोजण्याच्या आतच डोळे झोंबू लागत असतील तर एकदा दाखवून घ्या.

हा आजार कोणाला होतो? वय वाढेल तसा तो वाढतो. पाळी थांबलेल्या स्त्रियांत विशेष दिसतो. मधुमेहात पारपटलाच्या संवेदना मंदावतात, तेव्हा डोळा कोरडा पडला तरी तक्रार करत नाही आणि हे अधिक धोक्याचे. थायरॉइडचे विकार, संधिवात, चेहऱ्याचा लकवा झाल्यामुळे नीट न मिटणारी पापणी, डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपण्याची सवय, कॉन्टॅक्ट लेन्स, ही आणखी काही कारणे. औषधांचाही यात हात असतो. सर्दीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे, मुरमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, इतकेच काय, काचबिंदूचे काही थेंबसुद्धा. अर्थात यांतली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काचबिंदूचे थेंब बंद केले तर नजर जाईल, आणि कोरडेपणा परवडला म्हणायची वेळ येईल.

आपल्या जिल्ह्याचे हवामानही यात भर घालते. मार्च ते मे या काळातील कोरडी हवा आणि उष्ण वारा डोळ्यांतले पाणी शोषून घेतो. यंत्रमागाच्या खोल्यांतील सुताची पिंजण, विड्या वळणाऱ्या भगिनींच्या घरातील तंबाखूची धूळ, गुऱ्हाळाच्या चुलवाणाची धग, ज्वारीच्या मळणीचा भुसा, हे सगळे मी रुग्णांच्या पापण्यांवर पाहतो. चष्मा न लावता मोटारसायकलवरून रोज पन्नास किलोमीटर जाणारे तरुण आणि धुराच्या चुलीपुढे बसणाऱ्या माउल्या यांच्या तक्रारीत काहीच फरक नसतो. रात्री गच्चीवर किंवा हॉलमध्ये कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपणारे सकाळी लाल डोळे घेऊन येतात. झोत पायाकडे फिरवा एवढेच सांगितले, तरी निम्म्यांचे काम होते.

आणि मोबाईल. एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकते आणि ज्या मिटतो त्याही अर्ध्यामुर्ध्या. सारवणारा हात अर्ध्या भिंतीपर्यंतच पोहोचतो म्हणा ना! खालचा भाग कोरडाच राहतो. पूर्वी ही तक्रार घेऊन पन्नाशीच्या पुढचे लोक येत. आता अकरावी-बारावीची मुले येतात. अंथरुणावर उताणे पडून मोबाईल तोंडासमोर धरणे हा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो. पडदा नजरेच्या थोडा खाली असला तर पापण्या कमी उघडतात आणि डोळ्यांचा कमी भाग हवेला लागतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबवर बघा, असे हल्ली सांगतात. सल्ला वाईट नाही, पण त्या वीस सेकंदांत पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण, सावकाश मिटाव्यात, हे त्याहून महत्त्वाचे.

आता एका वेगळ्या आजाराबद्दल. काही वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. डोळे चुरचुरतात, सुई ओवता येत नाही. बोटांचे सांधे सकाळी आखडतात. मी विचारले, "कोरडी भाकरी गिळता येते का?" त्या चमकल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, घासाघासाला पाणी लागतं. रात्री उशाशी तांब्या घेऊन झोपते. पण ते तुम्हाला काय सांगायचं म्हणून नाही बोलले." दातही वर्षभरात बरेच किडलेले होते. कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि दुखरे सांधे हे त्रिकूट दिसले, की शोग्रेनचा आजार आठवावा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली याचा सविस्तर अभ्यास मांडला. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर चाल करून जाते. रुग्णांत दहापैकी नऊ स्त्रिया असतात. काही जणींत फुप्फुसे व मूत्रपिंडे यांनाही इजा पोहोचते आणि थोड्या रुग्णांत पुढे लसिका ग्रंथींचा कर्करोग होण्याची भीती असते. या बाईंना मी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, निदान पक्के झाले. आज त्या नियमित औषधावर आहेत आणि मशीनही चालवतात. नुसते डोळ्यांचे थेंब देऊन त्यांची बोळवण झाली असती, तर मूळ आजार आतल्या आत वाढत राहिला असता. आमच्या भगिनी तोंड कोरडे पडण्याची तक्रार स्वतःहून सांगत नाहीत. तेव्हा घरातल्यांनी विचारावे.

लहान मुलांचा कोरडेपणा हा निराळाच विषय. मूल संध्याकाळी ठेचकाळते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसतात, ही 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाची लक्षणे आहेत आणि दुर्लक्ष झाल्यास पारपटल विरघळून मूल कायमचे आंधळे होऊ शकते. आपल्या देशात १९७० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात १ लाख युनिटचा पहिला डोस, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट. हे डोस चुकवू नयेत. मात्र मोठ्या माणसाने मोबाईलने कोरडे पडलेल्या डोळ्यांसाठी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. त्या जास्त झाल्या तर यकृताला बाधतात.

उपचारांत मी पहिला मान शेकाला देतो, कारण तो स्वस्त आहे आणि पापण्यांच्या ग्रंथींत थिजलेले तेल त्याने वितळते. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतो, तसेच हे. स्वच्छ सुती फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे. ते मिनिटा-दोन मिनिटांत निवते, म्हणून पुन्हा बुडवावे. असे पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. पाण्याची धग आधी मनगटाच्या आतल्या बाजूला पाहावी. नंतर बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेने, हलकेच चोळावी. बुबुळावर दाब देऊ नये. शेवटी ओल्या स्वच्छ कापसाने पापण्यांच्या कडा पुसून घ्याव्यात. दोन दिवसांत फरक दिसत नाही म्हणून लोक हे सोडून देतात. निदान महिनाभर करावे.

दुसरे औषध म्हणजे कृत्रिम अश्रू. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, सोडियम हायलुरोनेट अशी त्यांतील द्रव्यांची नावे असतात. ब्रँडची नावे शेकड्याने आहेत, त्यांत अडकू नये. जनऔषधी केंद्रात मिळणारे साधे थेंबही बहुतेकांना पुरतात. ते डोळे लाल झाल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चारदा घालायचे असतात. याहून अधिक वेळा लागत असतील, तर त्यांतील जंतुनाशक द्रव्यच डोळ्याला टोचू लागते. तेव्हा जंतुनाशकविरहित थेंब घ्यावेत. ते थोडे महाग पडतात. बाटलीचे टोक पापणीला लावू नये, एकाची बाटली घरभर फिरवू नये. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि बाटलीवर वेगळी मुदत दिलेली नसेल तर महिन्याने ती फेकून द्यावी. निम्मी राहिली तरी. थेंब निर्जंतुक असण्याचे महत्त्व सांगायला एक उदाहरण पुरे : २०२३ साली आपल्या देशातून अमेरिकेत गेलेल्या एका कृत्रिम अश्रूंच्या मालात जंतू सापडले. त्यामुळे तेथे अनेकांची दृष्टी गेली, काहींचे डोळे काढावे लागले आणि काही दगावलेही. मग गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस, आईचे दूध डोळ्यांत घालण्याबद्दल मी काय म्हणणार हे वेगळे सांगायला नकोच.

पुढचा परिच्छेद माझ्या काही औषधविक्रेत्या मित्रांना आवडणार नाही. "डोळे लाल झालेत, थेंब द्या" असे दुकानात जाऊन मागितले, की कित्येकदा स्टिरॉइड असलेली बाटली हातात पडते. त्या थेंबांनी जादू होते. दोन दिवसांत लाली गायब, चुरचूर गायब. म्हणून माणूस तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतो. एका यंत्रमाग कामगाराने असे दोन वर्षे केले. वय जेमतेम सत्तावीस. माझ्याकडे आला तो डोळ्यांसाठी नव्हे, तर सायकलवरून जाताना बाजूची माणसे दिसत नाहीत, धडकतो म्हणून. डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू झाला होता आणि बाजूची नजर गेली होती. नेत्रतज्ज्ञांनी पुढची हानी थांबवली. गेलेली नजर परत आली नाही, येतही नाही. स्टिरॉइडचे थेंब वाईट नाहीत. नेत्रतज्ज्ञ ते कोरड्या डोळ्यांतही थोडे दिवस देतात, पण दाब मोजून देतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे शब्द दिसले, की चिठ्ठीशिवाय घेऊ नका. नुसती लाली घालवणाऱ्या थेंबांचेही तेच. ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात आणि परिणाम ओसरला की डोळे पहिल्यापेक्षा लाल होतात.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलविषयी बरेच जण विचारतात. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणारे यांच्यात काहीच फरक आढळला नाही. त्या पैशात चांगला गॉगल येतो. जवसाची चटणी मात्र अवश्य खावी, चवीसाठी.

एवढ्याने भागले नाही तर नेत्रतज्ज्ञांकडे पुढचे उपाय आहेत. अश्रू नाकात उतरवणारी छिद्रे बारीक बुचांनी बंद करतात, जेणेकरून असलेले पाणी डोळ्यांतच राहते. शेताचा बांध घालण्यासारखेच हे. सायक्लोस्पोरिनचे थेंब ग्रंथींचा दाह कमी करतात, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि सुरुवातीला ते झोंबतात, हे ठाऊक नसल्याने लोक मध्येच सोडतात. फारच कठीण अवस्थेत रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून थेंब बनवून देतात.

बहुतेकांत हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. रक्तदाबासारखेच त्याचे आहे. परंतु काही वेळा वाट पाहणे परवडत नाही. एकाच डोळ्यात एकदम दुखू लागणे, उजेड सहन न होणे, नजर कमी होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, कुसळ किंवा पाचट लागून डोळा लाल होणे, लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखणे, यांपैकी काहीही झाले तर तो कोरडेपणा समजून थेंब घालत बसू नये. नवीन औषध सुरू केल्यावर तोंडात फोड, अंगावर चट्टे आणि डोळे लाल, असे एकत्र झाले तर ते औषध घेऊन त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे. पुढचा डोस घेऊ नये. रविवार असला तरी जिल्हा रुग्णालयातील तातडीचा विभाग उघडा असतो. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि डोळ्यांत घातलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात.